शाळा सुटल्यानंतरचे तास : पहिलीतल्या मुलासाठी नागपुरात पाळणाघर कसं निवडावं

केजीपर्यंत बहुतेक घरांचं गणित कसंबसं जुळलेलं असतं. नर्सरीला लागूनच डे-केअर असतं, मूल दुपारी तिथेच जेवून झोपतं आणि संध्याकाळी आई किंवा बाबा घ्यायला जातात. पहिलीत शाळा बदलली की ही घडी एकदम विस्कटते. नवी शाळा दुसऱ्या भागात, वेळ निराळी, व्हॅन निराळी, आणि जुन्या डे-केअरच्या मॅडम गोड आवाजात सांगतात, "आम्ही सहा वर्षांपर्यंतचीच मुलं घेतो."

त्यांना दोष देता येत नाही. आपल्याकडे पाळणाघरांचा सरकारी विचारच बहुतेक सहाव्या वर्षापाशी थांबतो. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी, अशी दुरुस्ती मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झाली. तिच्यासाठी केंद्रानं काढलेली मार्गदर्शक तत्त्वं सहा महिने ते सहा वर्षं या वयोगटासाठी आहेत. 'पालना' योजनेतली अंगणवाडीला जोडलेली पाळणाघरंही याच वयाची. आणि पहिलीत जाणारं मूल नेमकं सहाचं असतं. म्हणजे मिहानमधल्या तुमच्या कंपनीत पाळणाघर असलं, तरी गरज वाढते त्याच वर्षी तिथली जागा बहुधा संपते.

तेव्हा शोध आपल्यालाच घ्यायचा आहे. माझं एक ठाम मत सुरुवातीलाच सांगते : शाळेच्या दिवसांकडे बघून पाळणाघर निवडू नका, शाळा बंद असलेल्या दिवसांकडे बघून निवडा. शाळेच्या दिवशी दुपारचे तीन-चार तास कुठेही निघून जातात. खरी परीक्षा तान्ह्या पोळ्याला होते, दिवाळीच्या सुट्टीत होते आणि पावसात सकाळी साडेसहाला व्हॉट्सॲपवर 'आज शाळेला सुट्टी' असा निरोप येतो तेव्हा होते.

पायरी १ : आधी कॅलेंडर मांडा

शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलं आहे. शाळा प्रत्यक्षात यापेक्षा थोड्या जास्त भरतात असं मानून २२० दिवस धरू. तुमची नोकरी सहा दिवसांच्या आठवड्याची असेल, तर ३६५ मधून रविवार गेले की उरले ३१३. सणावाराच्या सुट्ट्या आणि तुमच्या हक्काच्या रजा मिळून ३० दिवस काढले तरी २८३ उरतात. म्हणजे वर्षातले साठेक दिवस असे, की तुम्ही कामावर आहात आणि शाळा बंद आहे. पाच दिवसांचा आठवडा असणाऱ्यांचा हिशेब कागदावर जवळजवळ बरोबरीत येतो, पण प्रत्यक्षात जुळत नाही. तुम्ही घरी असता त्या शनिवारी शाळा भरते आणि मे महिन्यातल्या मंगळवारी ती बंद असते.

घरातलं कॅलेंडर खाली काढा आणि शाळेची सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवा. यादी मिळाली नसेल तर मागच्या वर्षीची मागून घ्या. नागपुरात काही दिवस हमखास अडतात. सीबीएसई शाळांचं सत्र साधारण एप्रिलमध्ये सुरू होतं. म्हणजे ऐन उन्हात मूल पहिलीत पाऊल टाकतं, त्या महिन्यात शाळा सकाळी लवकर भरून लवकर सुटते, आणि लगेच मे-जूनची सुट्टी लागते. राज्य मंडळाच्या शाळा पुण्या-मुंबईकडे जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात. नवतपा संपला तरी आपल्या मुलांची सुट्टी चालूच असते. पुण्याच्या नणंदेची मुलं शाळेत रुळलेली असतात तेव्हा आपलं मूल "आता काय करू?" विचारत घरभर फिरत असतं. पाळणाघरवाल्यांना पहिल्यांदा विचारायचं ते याच दिवसांबद्दल.

तान्ह्या पोळ्याला शाळांना सुट्टी असते, पण अनेक खासगी कचेऱ्या चालू असतात. त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक असल्यानं इतवारी-महालाकडचे रस्ते अडलेले असतात. ज्यांची पाळणाघराची काकू त्या बाजूला राहते, त्यांनी हा दिवस आधीच बोलून ठेवावा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की सरकारी कर्मचाऱ्यांची घरी परतायची वेळ हातात राहत नाही. सीताबर्डी-सिव्हिल लाइन्सकडून येणाऱ्यांना मोर्चे आणि वळवलेली वाहतूक भोवते. या काळात तुम्हाला रोज अर्धा तास उशीर होईल असंच धरून चाला. आणि पाऊस. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते कुणी विसरलेलं नाही. अशा दिवशी जिल्हा प्रशासन शाळांना सुट्टी देतं, तुमचं ऑफिस देईलच असं नाही.

शाळा दुपारपाळीची असेल तर रिकामा वेळ सकाळचा निघतो आणि पुढचं सगळं उलटं लावावं लागतं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, पण प्रत्यक्ष वेळ शाळेकडूनच लेखी घ्या. उन्हाळ्याची वेळ वेगळी मागा, शनिवारची वेगळी मागा.

पायरी २ : रस्ता पाहा

पाळणाघर शाळेजवळ हवं, घराजवळ हवं की ऑफिसजवळ? माझं मत घराजवळचं. शाळा बंद असेल त्या दिवशी शाळेजवळचं पाळणाघर म्हणजे उगाच उलटा फेरा. ऑफिसजवळचं तर नोकरी बदलली की गेलंच. घराजवळ असलं की तुम्ही बुटीबोरीला अडकलात तरी वरच्या मजल्यावरच्या काकू मुलाला घेऊन येऊ शकतात.

अपवाद आहे. मध्ये रेल्वेची लाइन असेल तर नकाशावरच्या अंतरावर विश्वास ठेवू नका. मनीषनगर, नरेंद्रनगरकडच्या लोकांना हे सांगायला नको. जोराचा पाऊस झाला की भुयारी मार्गात पाणी साचतं आणि पाच मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागतो. शाळा, पाळणाघर आणि घर ही तिन्ही ठिकाणं लाइनच्या एकाच बाजूला बसत असतील, तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

रस्त्यातला सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे शाळेच्या फाटकापासून पाळणाघराच्या दारापर्यंतची सोपवणूक. मुलाला कोण घेतं, कोण उतरवतं, कुणाच्या हातात देतं. व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतात, मूल उतरतं, व्हॅन निघते. दार उघडलं की नाही हे कुणी बघत नाही. म्हणून व्हॅनवाल्याशी आणि पाळणाघराशी एकत्र उभं राहून बोला : दारात मोठं माणूस आल्याशिवाय मूल उतरवायचं नाही. पाळणाघरानं ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांत मूल आलं नाही तर तुम्हाला फोन करायचा. हे दोन्ही नियम त्यांनी तुमच्यासमोर मान्य करायला हवेत.

महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ चे नियम आहेत. पिवळा रंग, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, बसमध्ये सहायक या गोष्टी त्यात आहेत, आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. तुमच्या मुलाचा ऑटो किंवा व्हॅन शाळेच्या यादीत आहे का, ते या समितीला विचारा. "आमचा संबंध नाही, तो पालकांचा खासगी प्रश्न" असं उत्तर आलं तर वाहनाचा परवाना, विमा आणि चालकाचं लायसन्स तुम्हालाच पाहावं लागेल. ड्रायव्हरच्या बाजूला फळीवर बसवलेली मुलं दिसली की तो ऑटो सोडा, कितीही जुना आणि ओळखीचा असो. आणि व्हॅनवाल्याला हेही विचारा, की परीक्षेच्या दिवशी शाळा दोन तास आधी सुटली तर तो येतो का. बरेच येत नाहीत, कारण त्या वेळी त्यांची दुसऱ्या शाळेची फेरी असते.

स्वतः दुचाकीवर आणणार असाल तर चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट कायद्यानं लागतं. मुलांच्या मापाचं घ्या, आईचं मोठं हेल्मेट डोक्यावर डुगडुगत असेल तर त्याचा उपयोग नाही. जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे मुलाला पुढे उभं करू नका. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी दरवर्षी तो पतंगांना लागतोच आणि पुढे उभ्या मुलाचा गळा सगळ्यात आधी त्याच्या वाटेत येतो.

शाळेला एक पत्र द्या. मुलाला नेण्याची परवानगी कुणाकुणाला आहे, त्यांची नावं, फोटो आणि फोन त्यात लिहा. आत्या असो की मामा, यादीत नाव नसेल तर मूल देऊ नये, असंही लिहा. घरात थोडी कुरबुर होईल, होऊ द्या.

पायरी ३ : पर्याय तोलताना

आजी-आजोबा जवळ असतील तर प्रश्न सुटला, असं सगळे म्हणतात. बऱ्याचदा सुटतोही. पण सहा वर्षांचं मूल दुपारी झोपत नाही आणि सत्तरीतल्या माणसाला दोन ते चार डोळा लागतोच. त्या दोन तासांत मूल एकटं जागं असतं आणि मोबाइल त्याच्या हातात येतो. आजी-आजोबांवर सहाही दिवस टाकण्यापेक्षा तीन दिवस त्यांच्याकडे, तीन दिवस पाळणाघरात अशी वाटणी केली तर त्यांची तब्येत टिकते आणि एकदा गावाला जायची मोकळीकही राहते. त्यांना "जमेल का?" असं विचारू नका, ते 'हो'च म्हणतील. "आठवड्यातले कोणते दिवस तुम्हाला मोकळे हवेत?" असं विचारा.

घरी येणारी ताई किंवा मावशी हा सगळ्यात सोयीचा आणि सगळ्यात नाजूक पर्याय. बंद दाराआड एकच मोठं माणूस आणि एकच मूल असतं. ओळखीतून आलेली असली तरी आधार कार्डाची प्रत, राहता पत्ता आणि आधीच्या दोन घरांचे फोन घ्या आणि तिथे खरंच फोन करा. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेता येते. ताईला वाईट वाटेल या संकोचानं ती टाळू नका. पगार ठरवताना कामही ठरवा. मूल सांभाळायला ठेवलेल्या ताईकडून भांडी, धुणं आणि संध्याकाळची पोळी सगळंच करून घ्यायला लागलात, तर दुपारी मुलाकडे कोण बघणार?

शाळेतलंच डे-बोर्डिंग, म्हणजे वर्ग सुटल्यावर मूल शाळेतच ठेवण्याची सोय, दिसायला उत्तम. रस्ता नाही, सोपवणूक नाही. पण शाळा बंद म्हणजे तेही बंद. त्या साठ दिवसांची दुसरी सोय हाताशी असेल तरच घ्या.

ट्यूशन आणि पाळणाघर एकत्र अशा पाट्या आता प्रतापनगरपासून नंदनवनपर्यंत सगळीकडे आहेत. पालकांना वाटतं, मूल सांभाळलंही जाईल आणि अभ्यासही होईल. मला हा प्रकार पहिलीसाठी पटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं म्हटलं आहे. चार-पाच तास वर्गात बसून आलेल्या मुलाला पुन्हा पाढे घोकायला बसवणारी जागा अक्षर सुधारेल, पण मूल संध्याकाळी तुमच्या हातात चिडचिडं येईल. गृहपाठ असेल तेवढा अर्ध्या तासात उरकून उरलेला वेळ खेळायला देणारी जागा असेल तर मात्र जरूर बघा.

शेजारच्या काकू चार-पाच मुलं सांभाळतात, हा आपल्याकडचा जुना आणि बहुतेक वेळा चांगला चालणारा पर्याय. गरम पोळी, ओळखीचं घर, वेळेची ओढाताण नाही. पण काकूंना ताप आला की सगळं थांबतं, म्हणून त्यांच्यासोबत बदली ठरलेली हवी.

व्यावसायिक डे-केअर पाहताना पहिला प्रश्न एकच : पाच वर्षांवरची मुलं किती आहेत? बावीस तान्ही आणि तुमचं एक सहा वर्षांचं असेल, तर दुपारभर त्याला "हळू बोल, बाळं झोपली आहेत" एवढंच ऐकायला मिळेल. त्याच्या वयाची तीन-चार मुलं असणं हे भिंतीवरच्या कार्टूनपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

पायरी ४ : भेट, आणि पुन्हा न सांगता भेट

पहिली भेट वेळ घेऊन करा. दुसरी न सांगता, मुलं शाळेतून येतात त्या दुपारच्या वेळेत. सकाळी अकराला सगळीच पाळणाघरं छान दिसतात. दीडच्या सुमाराला तीन व्हॅन एकदम येतात, कुणाला शू लागलेली असते, कुणाचा डबा सांडतो, तेव्हा तिथे किती मोठी माणसं आहेत आणि त्यांचा आवाज कसा आहे ते ऐका. मालकीणबाई शांत असतात, कारण त्या तुमच्याशी बोलत असतात. आतल्या मदतनीस बाईकडे लक्ष द्या, मूल दिवसभर तिच्याच हाताखाली असणार आहे. ती किती वर्षांपासून आहे हे सहज विचारा. माणसं दर तीन महिन्यांनी बदलत असतील, तर आत काहीतरी बिनसलेलं आहे.

नागपुरात कूलर पाहिल्याशिवाय परत यायचं नाही. दरवर्षी उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात, त्यात मुलंही असतात. लोखंडी बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला प्लग, एवढं पुरतं. तीन पिनांचा प्लग आहे का, अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर (विजेची गळती होताच लाइन तोडणारा) बसवला आहे का, हे थेट विचारा. ब्रेकरवरचं टेस्टचं बटण त्यांच्याकडूनच दाबून घ्या. लाइन गेली की ब्रेकर काम करतो आहे. टाकीत पाणी भरताना प्लग काढतात का? कूलर मुलांच्या हाताच्या उंचीवर, जाळीशिवाय असेल तर तो हलवायला सांगा. आणि पावसाळा लागला की त्याच कूलरच्या टाकीत डेंग्यूचा डास वाढतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसायला हवी. ज्या घरात सप्टेंबरातही कूलरमध्ये पाणी साचलेलं दिसतं, तिथे इतर स्वच्छतेबद्दल विचारण्याची गरजच उरत नाही.

गच्चीचा जिना बंद होतो का, सिलिंडर कुठे आहे, पाण्याच्या टाकीवर झाकण आहे का, रस्त्याकडच्या फाटकाची कडी मुलाला उघडता येते का, हे नजरेनं टिपा. संडासाचं दार आतून अडकलं तर बाहेरून उघडतं का, हे हातानं करून पाहा. सहा वर्षांची मुलं आतून कडी लावतात आणि मग उघडता येत नाही म्हणून रडतात.

घरगुती पाळणाघर असेल तर एक प्रश्न अवघड वाटला तरी विचाराच : या घरात दिवसभर आणखी कोण असतं, कोण येतं-जातं? कॉलेजातला मुलगा, त्याचे मित्र, भाडेकरू, पाण्याच्या कॅनवाला. मूल कुणाबरोबरही बंद खोलीत एकटं राहणार नाही आणि शू-शीच्या मदतीला कोण जाणार हे ठरलेलं आहे, एवढं स्पष्ट ऐकायला मिळालं पाहिजे. समजूतदार काकू या प्रश्नानं रागावत नाहीत.

सीसीटीव्ही आहे, असं अभिमानानं सांगतात. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, ते मागितलं तर दाखवतात का आणि कॅमेऱ्यात कोणती खोली येत नाही, हे विचारा.

'नोंदणीकृत' असं पाटीवर लिहिलेलं दिसलं तर कसली नोंदणी, तेही पाहा. बहुतेक वेळा ती शॉप ॲक्टची (दुकानं-आस्थापनांच्या कायद्याची) किंवा उद्यमची (लघुउद्योगांची) निघते. मोजकेच कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला शॉप ॲक्टमध्ये तर नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. धंदा चालू आहे एवढंच त्यातून कळतं. मुलं सुरक्षित आहेत का, याचा त्या कागदाशी काही संबंध नाही.

पायरी ५ : हे प्रश्न जसेच्या तसे विचारा

- मागच्या वर्षी कोणकोणत्या दिवशी पाळणाघर बंद होतं? (आठवून तारखा सांगणारी जागा भरवशाची. "तसं बंद नसतंच" म्हणणारी नाही.)
- शाळेला अचानक सुट्टी लागली तर सकाळी किती वाजल्यापासून मूल घेता?
- मला साडेसातपर्यंत उशीर झाला तर मुलाजवळ कोण थांबेल?
- दुपारी एकला १०१ ताप आला तर काय करता? (तुम्हाला फोन आधी, औषध नंतर, हेच उत्तर हवं. "थोडं क्रोसिन देतो" हे चालणार नाही.)
- मुलानं दुसऱ्याला मारलं तर काय करता? (कोपऱ्यात उभं करणं, चापट, "आई येणार नाही" अशी भीती, यातलं काही ऐकू आलं तर पुढे बोलायची गरज नाही.)
- टीव्ही आणि मोबाइल किती वेळ?
- खायला काय देता आणि किती वाजता?

खाण्याबद्दल थोडं जास्त. शाळेतून आलेल्या मुलाला भूक लागते ती आल्या आल्या, साडेतीनला नाही. वरण-भात, पोळी-भाजी किंवा फोडणीची पोळी, जे असेल ते ताजं आणि वेळेवर हवं. मुलं गप्प राहावीत म्हणून पोंगे आणि कुरकुऱ्यांची पाकिटं फोडणाऱ्या जागा भरपूर आहेत. कचऱ्याच्या डब्यात डोकावलं की सगळं कळतं. एप्रिलमध्ये पाणी आणि ताक किती वेळा देतात तेही विचारा. उन्हातून येणाऱ्या मुलाच्या खिशात कांदा ठेवायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. तो ठेवा की नका ठेवू, पण दप्तरातली बाटली व्हॅनमध्ये बसताना भरलेली असावी आणि डोक्याला दुपट्टा असावा.

ज्यांची मुलं सध्या तिथे जातात अशा दोन पालकांशी बोला, आणि त्यातला एक स्वतः शोधा. पाळणाघरानं दिलेले दोन्ही नंबर गोडच बोलणार. संध्याकाळी सहाला दाराबाहेर स्कूटीवर थांबलेल्या आईला विचारलं की ती खरं सांगते. "चांगलंच आहे, पण अधूनमधून उशिरा उघडून राहिले," असं ते अर्धं वाक्य तिथेच मिळतं.

पायरी ६ : पैसे आणि कागद

महिन्याचा दर हा अर्धाच आकडा असतो. समजा दोन जागा आहेत. पहिली महिना ३,५०० रुपये सांगते, दुसरी ५,०००. पहिलीत सुट्टीच्या पूर्ण दिवसाला ३०० रुपये वेगळे, खाणं महिन्याला ६०० वेगळं आणि मे महिन्यात 'समर कॅम्प' म्हणून ४,००० जादा. दुसरीत सगळं धरलेलं. साठ सुट्ट्यांपैकी २५ मेमधल्या कॅम्पमध्ये गेल्या आणि ३५ सुटे दिवस उरले असं धरा. पहिलीचे वर्षाचे होतात ४२,००० अधिक १०,५०० अधिक ७,२०० अधिक ४,०००, म्हणजे ६३,७००. दुसरीचे ६०,०००. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे आकडे घालून हा हिशेब करा. स्वस्त वाटणारी जागा बऱ्याचदा इथेच महाग निघते.

एका पानावर लिहून घ्या : वेळ, सुट्टीच्या दिवशीची वेळ, उशिराचे पैसे, डिपॉझिट कधी आणि किती परत, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, मूल कुणाच्या हाती द्यायचं, मुलाच्या ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन. काकूंकडे ठेवत असाल तरीही लिहा. "अहो, लिहायचं काय त्यात" असं त्या म्हणतील, तेव्हा कागद त्यांच्या फ्रिजवर मॅग्नेटनं लावून द्या. पैसे ऑनलाइन द्या, म्हणजे महिना कुठला दिला आणि कुठला राहिला याचे वाद होत नाहीत.

पायरी ७ : मुलाची तयारी

शाळा आणि पाळणाघर एकाच दिवशी सुरू करू नका. जमलं तर पाळणाघर आठ-पंधरा दिवस आधी सुरू करा, पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, मग जेवणापर्यंत. शाळेच्या पहिल्या दिवशी निदान दुपारची जागा तरी ओळखीची असते.

मुलाला आई किंवा बाबांचा एक फोन नंबर तोंडपाठ हवा. गाण्यासारखा म्हणवून घ्या, आठ दिवसांत येतो. "आईनं पाठवलंय" असं म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबरही जायचं नाही. घरचा एक खुणेचा शब्द ठरवा, तो सांगितला तरच जायचं. शरीराच्या कोणत्या भागांना कुणी हात लावायचा नाही हे आंघोळ घालताना साध्या शब्दांत सांगा आणि अधूनमधून पुन्हा सांगा. आणि काहीही झालं तरी, "कुणाला सांगू नको" असं कुणी म्हटलं तर ते आधी घरी सांगायचं.

संध्याकाळी "कसा गेला दिवस?" विचारलं तर "छान" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, आज तुझ्या शेजारी जेवायला कोण बसलं होतं? काकू कुणावर ओरडल्या? आज सगळ्यात कंटाळा कधी आला? अशा प्रश्नांतून दुपार हळूहळू उलगडते.

पहिले पंधरा दिवस रडणं, डबा परत येणं, जाताना पाय ओढणं हे सगळं चालायचंच. काळजी करायची ती वेगळ्या खुणांची : एखाद्या ठराविक माणसाचं नाव काढलं की गप्प होणं, पुन्हा अंथरूण ओलं करणं, कपडे बदलताना अंग चोरणं, आधी आवडणाऱ्या जागेची अचानक भीती. मुलावर प्रश्नांचा भडिमार करू नका, त्याच दिवशी त्याला तिथून घरी आणा आणि शांतपणे ऐका. मदतीसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास चालते, तातडीच्या वेळी ११२. लैंगिक त्रासाचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं हे ज्याला कळलं त्या प्रत्येकाचं कर्तव्य आहे. मुलाला जबाबासाठी ठाण्यात जावं लागत नाही, जबाब घरी घेता येतो आणि तो शक्यतो महिला अधिकारी घेतात. "नावाची चर्चा होईल" या भीतीनं गप्प बसायला सांगणारे भेटतील. मुलाची ओळख उघड करणं हाच कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांना सांगा.

पायरी ८ : दुसरी फळी

कितीही चांगलं पाळणाघर मिळालं तरी वर्षातून काही दिवस ते फसणारच. त्यासाठी दोन घरं आधी ठरवून ठेवा, आणि आयत्या वेळी फोन करण्याऐवजी आजच बोला. मुलाच्याच वर्गातलं, तुमच्याच भागातलं आणि तुमच्यासारखंच दोघं नोकरी करणारं घर सगळ्यात उपयोगी. तुमच्याकडे दोन दिवस त्यांचं मूल, त्यांच्याकडे दोन दिवस तुमचं. उपकाराचं ओझं राहत नाही आणि मुलांना सोबत मिळते. ऑफिसात साहेबांशीही एकदा बोलून ठेवा, की शाळेला अचानक सुट्टी लागली तर त्या दिवशी घरून काम किंवा अर्धी रजा चालेल का. आणि ही रजा दरवेळी आईनंच घ्यायची असा अलिखित नियम घरात पडू देऊ नका. पहिल्या महिन्यातच आळीपाळी ठरवली तर ठरते, नंतर नाही.

शोध कधी सुरू करायचा? सीबीएसई शाळा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत, राज्य मंडळाची असेल तर मार्च-एप्रिलमध्ये. मेमध्ये बघायला गेलात तर जागा सुट्टीतल्या मुलांनी भरलेल्या असतात आणि पाळणाघराचं रोजचं रूप दिसत नाही. सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांनी एकदा पुन्हा न सांगता दुपारी जाऊन या. तेव्हाच, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास, दिवाळीचं विचारा. काकू माहेरी जाणार असतात, मदतनीस बाई भंडाऱ्याला किंवा बालाघाटला गावी जाणार असते, आणि शाळेची सुट्टी तुमच्या सुट्टीपेक्षा आठवडाभर तरी मोठी असते. तो आठवडा कुणाकडे, हे दिवाळीच्या बरंच आधी ठरलेलं असावं.